पहिला थेंब नखावर

मित्रांनो, शिवणाच्या मशीनच्या खणात, बॉबिनांच्या आणि खडूच्या तुकड्यांच्या मधे एक पितळेचं, चोचीचं भांडं पडलेलं असतं. तो मी. मी एक जुनं बोंडलं आहे. तुमच्यापैकी अनेकांनी बोंडलं पाहिलंही नसेल, म्हणून सांगतो. मुठीत मावेल एवढी वाटी, आणि तिच्या एका बाजूला निमुळती तोटी. ज्या बाळाला अजून ओढून पिता येत नाही, त्याच्या ओठांच्या कोपऱ्याशी ही तोटी टेकवायची आणि दूध थेंबाथेंबानं आत सोडायचं. माझं काम एवढंच. तेही मी सगळ्या आयुष्यात फक्त पाच महिने केलं. पुढची तीस-एकतीस वर्षं माझ्या वाट्याला वेगळंच काम आलं, आणि त्यापायी परवा माझ्या हातून एक वाईट गोष्ट होता होता राहिली. ती राहिली, म्हणून आज तुमच्याशी मोकळ्या मनानं बोलता येतंय.

माझा जन्म एका अरुंद गल्लीत, भांडी घडवणाऱ्याच्या हाताखाली झाला. त्यानं पितळेचा पत्रा ठोकून माझी वाटी केली, तोटी वेगळी वळवली आणि दोन्ही झाळून जोडली. पितळेत दूध कळकतं, म्हणून मला निखाऱ्यावर तापवून आतून कल्हई केली. मग माझ्यात पाणी भरून मला तिरकं केलं. पाणी धारेनं पडलं. त्याला ते पसंत पडलं नाही. त्यानं चिमट्यानं तोटीचं टोक आणखी दाबलं, पुन्हा पाणी भरलं, पुन्हा दाबलं. शेवटी एकेक थेंब सुटायला लागला तेव्हा कुठे त्यानं मला बाजूला ठेवलं.

दुकानात मी बरेच दिवस मागच्या फळीवर होतो. तेव्हा काचेच्या बाटल्यांचे दिवस होते. लोक येत, बाटली नेत. माझ्याकडे कुणी पाहिलंच, तर दुकानदाराला विचारी, "हे काय, समईत तेल घालायचं?"

एका दुपारी सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी रडत दुकानात आली. तिनं सकाळीच बाटली नेली होती. दोन्ही हातांनी छातीशी धरून नेली होती, आणि घराच्या तिसऱ्या पायरीवर ती हातातून सटकली. तिच्या थोरल्या बहिणीला दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली होती. पोर इतकी अशक्त, की पिता पिताच झोपून जाई.

"दुसरी बाटली द्या ना काका."

"संपल्या गं. सोमवारी येतील."

"सोमवार? सोमवारपर्यंत ती काय खाईल?"

दुकानदारानं फळीवर हात घातला, मला काढलं आणि शर्टाच्या बाहीला पुसलं. "हे ने. पायरीवर पडलं तर पायरी फुटेल, हे फुटायचं नाही."

ती रडता रडता हसली. असा मी त्या घरात गेलो. ती मुलगी म्हणजे पुढे या गोष्टीत येणारी मावशी.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खिडकीशी शिवणाचं मशीन. मावशीची थोरली बहीण टेलर होती. आजूबाजूच्या बायकांचे कपडे, शाळेतल्या मुलांचे गणवेश ती शिवायची. आपल्या बाळाची लांबीही तिनं गळ्यातल्या टेपनंच मोजली होती. पोर तिच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतसुद्धा पुरत नव्हती. तेव्हापासून तिला सगळे बारकी म्हणायला लागले.

मित्रांनो, ते पाच महिने मी कधी विसरणार नाही. आई बारकीला मांडीवर अर्धवट बसती धरायची, माझी तोटी ओठांच्या कोपऱ्याला लावायची, एक थेंब सोडायची आणि थांबायची. बारकी जिभेनं थेंब बाहेर ढकलायची. आई पुसायची, पुन्हा थेंब. कधी कधी माझ्यातलं एवढंसं दूध संपायला तास लागे. तिसऱ्या आठवड्यात बारकीनं पहिल्यांदा आपणहून जीभ पुढे काढून थेंब घेतला, तेव्हा आईनं मला इतकं घट्ट धरलं, की माझ्या काठाला एक पोचा आला. तो अजून आहे. डॉक्टरांनी माझं कौतुक केलं. मावशी तर येईल त्याला सांगायची, "मी बाटली फोडली म्हणून पोर वाचली!"

मग बारकी वाटीनं प्यायला लागली, पेज खायला लागली, आणि मी फळीवर गेलो. त्याचं मला वाईट वाटलं नाही. बोंडलं रिकामं झालं म्हणजे बाळ वाढलं.

वाईट वाटलं ते पुढे. शाळा उघडायला चार दिवस उरले होते आणि आईच्या हातात चाळीस गणवेश होते. मशीन कुरकुरायला लागलं. तेलाच्या कुपीचं नाक नेमकं त्याच दिवशी मोडलं. आईनं इकडेतिकडे पाहिलं, फळीवरून मला उचललं आणि माझ्यात मशीनचं तेल ओतलं. दुधाचं भांडं मी! माझ्या पोटात तेल! गणवेश वेळेवर गेले, नवी कुपीही आली, पण आईला ती आवडेना. "धार लागते मेलीची," म्हणाली. माझा मुक्काम मशीनच्या खणात हलला. कल्हई हळूहळू उडाली, ती पुन्हा कुणी केली नाही. जिथे तोटी झाळली होती त्या सांध्यात तेल मुरलं. बाहेरून काळा, आतून पिवळा झालो मी.

दर शनिवारी आई मशीनला तेल द्यायची. बारकी सहा वर्षांची झाली तशी तिलाही शिकवायला लागली.

"आधी पहिला थेंब नखावर."

"का?"

"तेल स्वच्छ आहे का, त्यात कचरा आहे का, ते नखावर कळतं. आत गेल्यावर कळून काय उपयोग? हं, आता थेंब सोड. थांब. चाक फिरव. त्याला गिळू दे. मग दुसरा."

"मशीन गिळतं?"

"न गिळून सांगतंय कुणाला? तूसुद्धा गिळायची नाहीस..." आई बोलता बोलता थांबली आणि तिनं दातांनी दोरा तोडला.

पुढचं तिनं कधीच सांगितलं नाही. काही माणसं वाईट दिवस गेले की त्यांचं नाव काढत नाहीत. त्यामुळे बारकीला मी ठाऊक होतो तो तेलाचं भांडं म्हणून. मावशी तोवर लग्न होऊन लांब राहायला गेली होती. तिला मी ठाऊक होतो तो दुधाचं बोंडलं म्हणून. माझं सगळं आयुष्य एकट्या आईला ठाऊक होतं.

बारकी मोठी झाली, छापखान्यात मुद्रितं तपासायच्या कामाला लागली. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका हसऱ्या माणसाशी तिनं लग्न केलं. गेल्या हिवाळ्यात आई गेली. चार दिवस ताप आला आणि गेली. बारकीला तेव्हा सहावा महिना होता. मशीनच्या सुईखाली एक झबलं तसंच राहिलं होतं, एका बाहीचं.

मशीन बारकीच्या घरी आलं. तिनं झबल्यासकट त्यावर चादर घातली आणि खण उघडला नाही. खण मुळात नीट बंद होत नसे. त्या फटीतून मला खोली दिसायची.

खोलीतल्या टेबलावर रोज काहीतरी नवं येत होतं. रुंद तोंडाची बाटली, अरुंद तोंडाची बाटली, पोटात वारा धरू नये म्हणून आत नळी असलेली बाटली. चार तऱ्हांची बुचं. दूध काढायचा पंप. बाटल्या वाफवायचं भांडं. बारकी खोक्यांवरचा बारीक मजकूर पेन्सिल घेऊन वाचायची.

"हिच्यावर दोन चुका आहेत," ती म्हणायची. "ज्यांना खोक्यावर धड लिहिता येत नाही, ते बाटली काय धड करणार?"

नवरा बाटलीचे भाग सुटे करून ओळीनं मांडायचा. "सात! अगं, आमच्या लिफ्टच्या दाराला एवढे भाग नसतात."

"हसू नकोस. आई असती तर मी कुणाला तरी विचारलं असतं. आता वाचूनच ठरवायला हवं ना?"

तो हसायचा थांबला. मग त्यानं सातही भाग पुन्हा जोडले.

बाळ पाच आठवडे आधीच आलं. काही दिवस दवाखान्यात काढून ते घरी आलं, आणि त्याच्याबरोबर मदतीला मावशी आली. मग टेबलावरच्या त्या सगळ्या बाटल्यांची एकेक करून परीक्षा झाली. रुंद तोंडाची बाळाला पकडता येईना. नळीवालीतून दूध भसकन आलं, बाळ ठसकलं. तिसरी तोंडात घेऊन ते सरळ झोपी गेलं. बारकी प्रत्येक वेळी वहीत लिहायची, किती दिलं, किती सांडलं, किती पोटात गेलं. अंगावर लावलं तरी तेच. चार घोट, की डोळे मिटले.

आठव्या दिवशी ते वजन करून आले. बारकी पलंगावर बसली. मावशीनं जावयाकडे पाहिलं.

"सत्तर ग्रॅम कमी झालंय," तो म्हणाला. "सिस्टर म्हणाल्या, ओढायची ताकद यायला वेळ लागेल, तोवर बाटली बंद. काढलेलं दूध वाटी-चमच्यानं पाजा. तीन दिवसांनी पुन्हा वजन. वाढलं नाही तर दाखल करून नाकातून नळी घालायची."

"मी चुकीची बाटली घेतली," बारकी म्हणाली.

"तीन घेतल्यास की!" मावशी म्हणाली. "तिन्ही कशा चुकीच्या असतील?"

"मग मीच चुकीची."

मावशीनं उठून वाटी-चमचा उकळायला ठेवला.

चमच्यानं दूध हनुवटीवरून गळ्यात जाई. तो दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी टाचलेलं दुपटं उसवायला कात्री शोधत होती. तिनं चादर वर केली, खण ओढला, आणि तिचा हात माझ्यावर पडला.

"अगंबाई!" ती म्हणाली, आणि मला गालाला लावलं. "तू इथे होय रे लब्बाडा! आणि आम्ही गावभर शोधतोय!"

मित्रांनो, मला काय वाटलं असेल ते तुम्हीच बघा. तीस वर्षांनी कुणीतरी मला माझ्या खऱ्या नावानं ओळखलं होतं. बारकी आतल्या खोलीत पंपानं दूध काढत होती. माझ्यातलं तेल महिन्यांपूर्वीच वाळून चिकटलं होतं; ती मळी धुळीची समजून मावशीनं मला लिंबू-मीठ लावून घासलं, साबणानं धुतलं, पातेल्यात घालून चांगलं खळखळ उकळलं. मी सोन्यासारखा चमकायला लागलो. पंपातलं कोमट दूध तिनं माझ्यात ओतलं. दूध! मी आनंदानं भरून गेलो.

आणि तेव्हाच मला माझ्या सांध्यातलं तेल जाणवलं. उकळत्या पाण्यानं ते सुटलं नव्हतं, फक्त सैल झालं होतं. तोटीच्या आत, जिथे काथ्या पोचत नाही, तिथून ते दुधात उतरायला लागलं होतं. शिवाय माझ्यावर कल्हई कुठे होती? मला ओरडावंसं वाटलं, मावशी, मला ओतून टाक! पण बोंडल्याला तोंड असतं ते दुसऱ्याला पाजण्यापुरतं.

"हे बघ काय सापडलंय," मावशीनं मला बारकीच्या हातात दिलं. "थेंब थेंब सोड. बघच तू."

बारकी दोन रात्री झोपली नव्हती. तिनं मी कोण, कुठला, काही पाहिलं नाही. बाळाला मांडीवर तिरकं धरलं, मला उचललं. माझी तोटी बाळाच्या ओठांजवळ आली. बाळानं तोंड उघडलं.

आणि बारकीचा हात आपोआप मागे वळला. तिनं पहिला थेंब स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर सोडला.

पांढऱ्या थेंबाच्या कडेला पिवळट तवंग होता. खिडकीच्या उजेडात त्यावर रंगीत रेघ फिरली. बारकीनं नख नाकाशी नेलं. मग तिनं माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

"मावशी, हे कुठून आणलंस?"

"मशीनच्या खणातून. का गं?"

"हे आईचं मशीनच्या तेलाचं भांडं आहे."

"काहीतरीच काय! हे तुझं बोंडलं आहे. यानं पाच महिने तुला दूध पाजलंय!"

"मला?"

"मग कुणाला, मला?" एवढं म्हणून मावशीला पहिलं वाक्य आत्ता ऐकू आल्यासारखं झालं. "तेलाचं? कुठल्या तेलाचं?"

"मशीनच्या. दर शनिवारी. मी स्वतः घालायचे."

मावशीनं बाळाची हनुवटी धरून तोंडात डोकावलं. "पोटात गेलं का? एखादा तरी थेंब गेला का गं?"

"नाही. एकही नाही. हा बघ, पहिलाच इथे आहे." बारकीनं अंगठा पुढे केला. बाळ मात्र तोंड उघडं ठेवून वाट बघत होतं.

मित्रांनो, सुटका म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. मला मोरीत उपडं केलं गेलं आणि मी मनोमन म्हणालो, सगळं ओता, थेंब ठेवू नका. आई तिथे नव्हती, पण तिनं सहा वर्षांच्या मुलीला लावलेली सवय वेळेवर आली होती.

मावशी बराच वेळ स्वतःलाच बोल लावत होती. "तेव्हा बाटली फोडली, आता हे. माझ्या हातात कुणी काही देऊच नका."

"मावशी," बारकी म्हणाली, "मला पाच महिने का पाजावं लागलं?"

"का म्हणजे? तू ओढायचीच नाहीस. चार घोट, की झोप. अगदी याच्यासारखी. तुला आईनं सांगितलं नाही?"

"नाही."

"अगं, तुला बारकी उगाच म्हणतात? तुझी आई रडून रडून म्हणायची, माझ्यातच काहीतरी कमी आहे."

बारकीनं पदराच्या टोकानं बाळाची हनुवटी पुसली आणि एक लांब श्वास सोडला. घरी आल्यापासून तिनं असा श्वास सोडलेला मी ऐकला नव्हता.

मग तिनं सिस्टरना फोन लावला. सिस्टर म्हणाल्या, "बोंडलं चालेल की. पण स्टीलचं घ्या, आतून गुळगुळीत, सांधा नसलेलं. आणि बाळाला घेऊन इकडे या. माझ्यासमोर पाजा, मग घरी जा."

निघताना मावशीनं मला पिशवीत टाकलं. "नमुना असू दे. दुकानदाराला कळायला हवं, काय हवंय ते." तसा मी पुन्हा एकदा दुकानात गेलो. काउंटरवर माझ्याशेजारी एक नवं कोरं बोंडलं ठेवलं गेलं. लख्ख, अखंड, माझ्यासारखी तोटी. मला हेवा वाटला नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. पण त्याला सांधा नव्हता.

सिस्टरांच्या खोलीत आधी बाळाच्या बाबानं पाजून पाहिलं. त्यानं नवं बोंडलं असं तिरकं केलं, की दूध बाळाच्या कानात गेलं.

"अहो जावईबापू, पाजायचंय, आंघोळ नाही घालायची," मावशी म्हणाली.

सिस्टर हसल्या. "द्या आईकडे. डोकं वर. तोटी कोपऱ्याला. थोडंसं सोडा, आणि गिळेपर्यंत थांबा. थांबणं महत्त्वाचं. सगळे तिथेच चुकतात."

बारकीनं बोंडलं घेतलं. पहिला थेंब नखावर सोडला. पांढरा, स्वच्छ. मग तिचं मनगट एवढंसं वळलं. एक थेंब बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यात गेला आणि हात थांबला. तिचे ओठ हलताना मी पिशवीच्या तोंडातून पाहिले. थेंब सोड. थांब. गिळू दे. बाळाचा गळा हलला. मग दुसरा.

"हे कुणी शिकवलं?" सिस्टरनी विचारलं.

"आईनं," बारकी म्हणाली. "मशीनवर."

सिस्टरना त्यातलं काही कळलं नसणार. त्या घड्याळाकडे बघत होत्या. वीस मिनिटांत बोंडलं रिकामं झालं आणि बाळ झोपलं, पण या वेळी पिऊन झोपलं.

ठरलेल्या दिवशी पुन्हा वजन झालं. मी अजून पिशवीतच होतो. मला काढायला कुणालाच सुचलं नव्हतं. काट्यावर बाळ हातपाय झाडत होतं, त्यामुळे आकडा ठरेना. बारकीनं डोळे मिटून घेतले.

"साठ ग्रॅमनं वाढलंय," सिस्टर म्हणाल्या. "नळीबिळी काही नको. पाजत राहा असंच. काही आठवड्यांत आपणहून ओढायला लागेल."

"नक्की साठ?" बारकीनं विचारलं.

"तुम्हीच वाचा."

बारकीनं काट्यावरचा आकडा दोनदा वाचला. चूक नव्हती. मग ती खाली बसली आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडली. मावशीनं तिला रडू दिलं. जावईबापू बाळाचं दुपटं पुन्हा पुन्हा नीट करत राहिले.

त्या शनिवारी बारकीनं मशीनवरची चादर काढली. माझ्यात तेल भरलं. पहिला थेंब नखावर, मग मशीनच्या प्रत्येक भोकात एकेक. चाक आधी करकरलं, मग सुटलं. तिनं झबल्याची दुसरी बाही लावली. शिलाई थोडी वाकडी गेली. झबलं बाळाला अजून मोठंच होतं.

काम झाल्यावर तिनं कागदाची एक पट्टी कापली आणि छापखान्यातल्या आपल्या सुवाच्य अक्षरात तिच्यावर लिहिलं: "मशीनचं तेल. बाळासाठी वापरू नये." ती पट्टी दोऱ्यानं माझ्या तोटीला बांधली. मग पुन्हा सोडली, पेन उचललं, खाली आणखी एक ओळ लिहिली आणि परत बांधली. "आधी हे माझं होतं."

मित्रांनो, मी आता समाधानी आहे. दूध आता माझ्या वाट्याला नाही, आणि ते नसलेलंच बरं. तुमच्या घरातल्या खणांत आणि फळ्यांवरही माझ्यासारखी भांडी असतील. ती घासून पुसून ठेवा, आणि ती कशासाठी होती, कुणी वापरली, हे घरातल्या मोठ्या माणसांना आजच विचारून घ्या. त्यांनी सांगितलेलं लिहून एका पट्टीवर बांधून ठेवा. आमच्या घरी ते राहून गेलं होतं. थोडक्यात निभावलं.